दार उघडं ठेवलं की हवा जाते

चिरंजीव खडू यास, आजीचे पुष्कळ आशीर्वाद. ते कमरेपासून मानेपर्यंत नीट पोचावेत, कारण दिवसभर पडद्यासमोर वाकून बसणाऱ्या माणसाला त्यांची गरज तिथेच जास्त.

आम्ही इकडे सगळे ठाकठीक आहोत. माझे गुडघे आपापल्या जागी आहेत आणि मी हलले की तसं सांगतात. तुझी भूक कशी आहे, झोप कशी आहे, खोलीला खिडकी आहे का आणि असली तर ती उघडतोस का, हे सगळं सविस्तर कळव. खिडकीचं मुद्दाम विचारते आहे. का ते पुढे येईल.

अक्षर बघून तू दचकला असशील. दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. मला लिहिता येत नाही, आणि आजवर माझं जे काही कागदावर गेलं ते तुझ्या आईच्या हाताने. पण परवा तिचा अंगठा कपाटाच्या दारात सापडला, पेन धरवत नाही म्हणते, म्हणून आज तुझ्या बापाला बसवला. त्याची सुट्टी आहे. आधी म्हणाला चष्मा सापडत नाही, तो मी त्याच्या कपाळावरून काढून दिला. मग म्हणाला पेन चालत नाही, तर तुझ्या आईने मूठभर पेनं आणून ठेवली. तेव्हा कुठे बसला. अट अशी आहे की मी सांगेन ते शब्दाला शब्द उतरवायचं, गाळायचं नाही, सुधारायचं नाही, आणि शेवटी तुझी आई मला ते मोठ्याने वाचून दाखवणार. त्याला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर कंसात म्हणावं, एवढी मोकळीक दिली आहे. (सुट्टीच्या दिवशी माणसाला दुसरी कामं असतात. — लेखनिक) बघ, लागलीच सुरुवात केली. आणि सही कशी करतोय, तर लेखनिक. बाप म्हणून करायला पेन चालत नसेल.

आता मुख्य गोष्ट. तू केलेला तो खेळ, आकाशात जहाज घेऊन फिरायचा, आणि ज्याच्यात गेलेला माणूस गेलाच, तो मी रोज खेळते. तुझा जुना कॉम्प्युटर माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसवला आहे. पट्टा काढून ठेवलाय, पण खाली पायडल तसंच आहे, आणि जहाजामागे कुणी लागलं की माझे पाय आपोआप चालू होतात. तुझी आई म्हणते, आई, त्याने जहाज जोरात जात नाही. जात नसेल. पण थांबून बघितलंय, जास्त हळू वाटतं.

मला वाचता येत नाही म्हणून सुरुवातीला फार धांदल झाली. तुझ्या खेळात सारखी पाटी येते, तिच्यावर काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली दोन-तीन बटणं. मी आपलं सगळ्यात वरचं दाबायची. माणसाने वरच्याला मान द्यावा. आता कळतंय की वरचं बटण म्हणजे बहुतेक वेळा ‘आत घ्या’. त्यामुळे जो कुणी जहाजाचं दार वाजवेल त्याला मी आत घेत गेले. रस्ता चुकलेले, जखमी, भुकेले आणि शेवटी लुटारू. लुटारूंनासुद्धा मी आधी बसायला जागा दिली होती. एका व्यापाऱ्याला आमची एकुलती एक तोफ देऊन मी त्याच्याकडून कुंडीतलं झाड घेतलं. झाड फार छान होतं. पुढच्या ताऱ्याजवळ आमच्यावर हल्ला झाला तेव्हा सगळे गडी त्या झाडाकडे बघत होते असं मला तरी वाटलं.

पण पहिलं जहाज गेलं ते याच्याही आधी, आणि त्याला कारण खिडकी. सकाळी उठून मी बघते तर जहाजाची सगळी दारं घट्ट बंद. आत इतकी माणसं झोपलेली, कोंदट झालं असणार. आपल्या घरात मी जन्मभर काय केलं, उठल्यावर आधी दारं-खिडक्या सताड उघडल्या. तेच तिथे केलं. एकूण एक दार उघडलं, बाहेरचीसुद्धा. म्हटलं, खेळू दे जरा हवा. हवा खेळली नाही, निघून गेली, आणि हवेबरोबर गडी. पडदा काळा झाला. तुझ्या आईने स्वयंपाकघरातून येऊन चष्मा लावून वाचून दाखवलं, ‘जहाज गेलं. आकाश नवं मांडलं आहे.’ म्हटलं, बाई, मी फक्त घर हवेशीर केलं. (हे तिने मला तेव्हाच सांगितलं असतं तर निर्वात म्हणजे काय ते समजावून दिलं असतं. — लेखनिक) अरे लेखनिका, तेव्हा तू या खेळाचं नाव काढलं की भांडी घासायला उठायचास. तुझ्या बापाला भांडी घासताना पहिल्यांदा मी तुझ्या खेळामुळे पाहिलं, खडू. एवढं श्रेय तुझं.

ते आकाश नवं मांडतात ना, ते मला फार लागलं. म्हणजे मनाला. तू मागे फोनवर विचारलं होतंस की आजी, तुला या खेळात एवढं काय आवडतं, आणि मी हो-हो करून वेळ मारून नेली होती. आज सांगते. टीव्हीवरच्या मालिका मी इतकी वर्षं बघते. त्यातला माणूस मरतो, आपण रडतो, आणि महिन्याभराने तो दाढी लावून परत येतो. एकजण विमानातून पडला तो परत आला, एक पुरात वाहून गेली ती दुसरंच तोंड घेऊन परत आली आणि नवऱ्याला ते कळलंही नाही. शेवटी शेवटी तिथे कुणी मेलं की मी जांभई द्यायला लागले. तुझ्या जहाजावर तसं नाही. तिथला गडी गेला की गेला. त्याची खुर्ची रिकामी. मग जिवंत असतो तेव्हा त्याच्याकडे नीट लक्ष जातं. कोण कुठे उभा आहे, कोण दमलाय, कुणाला हलवायचं, हे मी दर श्वासाला बघते. आपल्या घरात मी एवढं बघत नव्हते. घरातली माणसं काय, संध्याकाळी परत येतात असं धरून चाललेलं असतं.

आणि दुसरं म्हणजे ते माझ्या कामासारखं आहे. गणवेशांच्या कारखान्यात मला आधी काजं-बटणं दिली, मग खूप वर्षांनी बेतणीला घेतलं. बेतणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू माझ्या टेबलाखाली बसूनच मोठा झालास. खडूने कितीही रेघा मारा, पुसा, परत मारा. पण कात्री लागली की लागली. त्या क्षणाला सगळी खोली गप्प व्हायची, बाजूची मशीनंसुद्धा मला ऐकू यायची नाहीत. भीती वाटायची, आणि खरं सांगू, त्या भीतीसाठीच मी कामाला जायची. घरी आले की वाटायचं, आज दिवसभरात एक तरी गोष्ट मी अशी केली जी परत फिरवता येणार नाही आणि ती बरोबर आली. आता वय झालं, कुणी माझ्या हातात कात्री देत नाही. भाजीसुद्धा चिरलेली आणतात. तू दिलीस. आणि बिघडलं तर पुढ्यात नवं थान, वेगळ्या रंगाचं, वेगळ्या पोताचं. तू टेबलाखाली माझा खडू चोरून फरशीवर तारे काढायचास, आणि मी ओरडायचे की खडू संपतो. म्हणून तुझं नाव खडू पडलं. तो खडू कुठे गेला ते आता मला पडद्यावर दिसतं.

(हे सगळं लिहून झालं. पुढचं पान. — लेखनिक)

आता मुळ्याची गोष्ट. तुझ्या त्या वेगवेगळ्या जातींच्या गड्यांपैकी, डोक्यावर केसांच्या जागी मुळं असलेला आणि हिरव्या खोलीत झाडं राखणारा जो असतो, त्याचं नाव मी मुळ्या ठेवलं होतं. दगडाचा असतो तो ढेकळ्या. मुळ्या सावकाश चालायचा, कुणाशी बोलायचा नाही, पण त्याच्या खोलीतून सगळ्यांना हवा मिळायची. एका दुपारी त्या खोलीला आग लागली. दार उघडं ठेवलं तर आग पुढे येणार, बंद केलं तर मुळ्या आत. पाय थांबले माझे. मी दार बंद केलं. बाकीचे वाचले.

मी उठून जिन्यात जाऊन बसले. वरच्या मजल्यावरची नर्स कामाला निघाली होती, तिने विचारलं, आजी, काय झालं. मी म्हटलं, आमचा मुळ्या गेला. आग लागली. दार मीच बंद केलं. बास, एवढंच. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जाता जाता खालच्या मजल्यावर सांगितलं असावं. तासाभरात आपली बाहेरची खोली भरली. कुणीतरी थर्मासमधून चहा आणला. निवृत्त मुख्याध्यापक आले, ते म्हणाले, वय काय होतं? मी म्हटलं, चार ताऱ्यांपासून आमच्याकडे होता. ते म्हणाले, हो, हो, आणि मान खाली घातली. कुणी विचारलं, मुलंबाळं? मी म्हटलं, झाडं होती. त्यावर दोघी जणींनी डोळे पुसले. आता या स्टेजला लोकांना खरं कसं सांगायचं तू मला सांग. चहा प्यायला होता त्यांचा.

एवढ्यात तुझा बाप कामावरून आला. दाराबाहेर एवढे जोडे बघून जिन्यातच थांबला. हातात हत्यारांची पिशवी, तोंड पांढरं पडलेलं. माझ्याकडे पाहिलं, तुझ्या आईकडे पाहिलं, मग खोलीतल्या एकेकाकडे, जणू कोण कमी आहे ते बघत होता. त्याच्या मनात त्या क्षणाला कुणाचं नाव आलं ते मी सांगत नाही, तो लिहिणारच नाही. नर्सच हळूच म्हणाली, मुळ्या गेला. तुझ्या बापाने पिशवी खाली ठेवली. श्वास सोडला. आणि मग सगळ्यांमध्ये बसून म्हणाला, “शांत गडी होता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.”

(लोकांना घरी पाठवायचं होतं म्हणून बोललो. — लेखनिक)

असेल. पण खडू, मी त्याच्यापाशी मुळ्याचं नाव कधीच काढलं नव्हतं. तुझ्या खेळाचा विषय निघाला की हा भांड्यांपाशी. मग तो शांत होता, हे याला कसं माहीत?

तेव्हापासून मी लक्ष ठेवलं. उंदीर कुठून येतो ते जसं बघतात तसं. कॉम्प्युटरच्या उंदरावरच, म्हणजे तो हातात धरायचा असतो ना, त्याच्यावर काळं ग्रीस सापडलं. माझ्या हाताला ग्रीस नसतं, आणि तुझी आई त्या वस्तूला फडक्याने सुद्धा शिवत नाही. खुर्ची माझ्या उंचीची नसून वर केलेली असायची. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले आणि थोडी घोरले. मी छान घोरते, तुझे आजोबा सांगायचे. थोड्या वेळाने खुर्ची वाजली. मी कूस बदलली, झोपेत बदलतात तशी, आणि पापणीच्या फटीतून बघत राहिले.

तुझा बाप खेळत होता. जीभ दातात धरून. कामावर लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरताना धरतो तशी.

आता यापुढचं तो लिहील की नाही मला शंका आहे, पण तुझी आई दारात उभी आहे, तेव्हा लिहील. तुझ्या खेळात गड्यांना आपल्या अक्षरात नाव देता येतं, ती सोय तू ठेवलीस ते बरं केलंस. मला अक्षरं येत नाहीत, पण एक नाव येतं, तुझं शाळेतलं. तुझ्या शाळेच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरवर, रुमालावर, दप्तराच्या पट्ट्यावर मी ते दोऱ्याने भरलंय. पहिली आकृती पाठ टेकायच्या खुर्चीसारखी, मधली पोट आलेली, आणि शेवटचीला खाली शेपूट, जिथे दोरा नेहमी अडकायचा. वाचायचं म्हणून नाही, बोटांना येतं म्हणून येतं. तीच आकृती त्या जहाजातल्या एका छोट्या गड्याच्या डोक्यावर होती. सगळ्यात आतल्या खोलीत, चारी बाजूंची दारं लावून, तो गडी खुर्चीवर बसला होता. काही काम नाही. बाकीचे धावतायत, विझवतायत, मरतायत, आणि हा आपला बसलाय, मधोमध, सुखरूप.

तो गडी म्हणजे जहाजाचा मेकॅनिक होता. हातात पाना घेतलेला. बाहेर जाऊन जहाजाचं अंग शिवायचं काम त्याचंच. पण तुझा बाप त्याला बाहेर पाठवेना. फट वाढत गेली, एकेक खोली विझली, ढेकळ्या गेला, सगळे गेले, आणि शेवटी आतल्या खोलीतला तोही. पडदा काळा झाला. तुझ्या बापाने चष्मा पुसला. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, परत तेच नाव घातलं. नवं आकाश. परत तोच गडी आतल्या खोलीत. सुट्ट्यांमागून सुट्ट्या मी बघितलं, प्रत्येक जहाज त्याच एका कारणाने जायचं.

(बाहेर धोका असतो. — लेखनिक)

शेवटी एकदा तो नाव घालत असताना मी खाटेवरूनच म्हटलं, अरे, त्याला काहीतरी काम दे, बसून बसून कंबर धरेल त्याची. तुझा बाप खुर्चीतून पडता पडता राहिला.  थोड्या वेळाने त्याने खुर्ची जरा बाजूला सरकवली. मी उठून शेजारी बसले.

त्या दिवसापासून आमचं जहाज एकच आहे. दारं माझ्याकडे, कारण उघडं दार काय करतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. यंत्रं तुझ्या बापाकडे. पाट्या वाचायला तुझी आई, तिला आता प्रत्येक लुटारूची कीव येते आणि ती निम्मं वाचून ‘जाऊ द्या हो त्याला’ म्हणते. जेवायला बसलो की आता जहाजाचंच बोलणं असतं. कुणाला कुठे ठेवायचं, हवा पुरेल का. घरात इतकं बोलणं तू गेल्यापासून झालं नव्हतं. चौघं आहोत जहाजावर, फक्त चौथा बोलत नाही.

तुमच्या दोघांत काय झालं ते मी उकरून काढत नाही. त्याने तुझ्यासाठी लिफ्टच्या कंपनीत शब्द टाकला होता, तुला आकाश मांडायचं होतं. तो म्हणाला, माणूस मेला की परत नाही असल्या गोष्टीचा खेळ कुणी करतं का. तू म्हणालास, बाबा, तुम्हाला नाही कळायचं. दोघंही बरोबर होतात, म्हणून तर मिटलं नाही. एक चुकला असता तर संध्याकाळपर्यंत गप्प बसून दोघं जेवायला आला असतात. आता तू फोन केलास की तुझी आई बोलते, मी बोलते, आणि हा जिन्यात जाऊन लिफ्टचा आवाज ऐकत उभा राहतो. लिफ्ट चांगली चाललेली असते. मग आत येऊन तुझ्या आईला विचारतो, कुणाचा फोन होता.

(लिफ्टला खरखर होती. — लेखनिक)

तर आज जहाज कुठे आहे ते सांगते. शेवटच्या दरवाजापाशी. इतक्या लांब आम्ही कधी आलो नव्हतो. त्याच्या पलीकडे घर आहे, असं पाटीवर लिहिलंय म्हणे. पण जहाजाच्या अंगाला बाहेरून मोठी फट पडली आहे, आणि ती शिवल्याशिवाय दरवाजातून जाता येणार नाही. ढेकळ्याची बोटं जाड, त्याच्या हातात पाना राहत नाही. नव्या मुळ्याला बाहेर सोसत नाही. उरला एकच. पाना घेऊन आतल्या खोलीत बसलेला. तुझ्या बापाने खेळ थांबवला, आणि थांबवला तो थांबवलाच. किती तरी सुट्ट्या गेल्या. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू, तुझी आई त्याच्या भोवतीने हळूच धूळ पुसते, आणि आम्ही तिघं त्याच्यासमोरून पाय न वाजवता जातो, पाळण्यासमोरून जावं तसं.

थांबवलेलं असलं की तिथे हवा कमी होत नाही. मागे लागलेले पुढे सरकत नाहीत. कुणी दमत नाही. हे तू फार सुंदर केलं आहेस. मी सारखी त्या पडद्याकडे बघते आणि म्हणते, ही कळ माझ्या पोराला सापडली आणि तो तिच्यावर बोट ठेवून बसला. पण बाळा, ती कळ तेवढ्या टेबलापुरती आहे. खोलीत इकडे सगळं चालूच असतं. मी आता जिना एका दमात चढत नाही. तुझ्या बापाचे कानावरचे केस पांढरे झाले. (कामाच्या जागी चुना उडतो. — लेखनिक) चुना डोकं धुतलं की जातो. तुझ्या खोलीतली चादर तुझी आई महिन्यातून एकदा बदलते, जिच्यावर कुणी झोपलेलं नाही ती. धुते, वाळवते, परत घालते. ते कुणी थांबवलेलं नाही.

आणखी काय लिहू. स्वेटर घाल, वेळेवर जेव, पडद्यावरून डोळे काढून अधूनमधून लांबचं काहीतरी बघ. तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांना आशीर्वाद सांग, आणि ज्याने लुटारूंची तोंडं काढली त्याला सांग की ती जरा दुष्ट दिसायला हवीत, आम्ही फसतो. दाराचं बटण थोडं मोठं केलंस तर म्हाताऱ्या बोटांना बरं पडेल. एवढंच मागणं होतं, म्हणून हे पत्र.

तुझी,
आजी (अंगठा खाली उमटवला आहे. डाग ग्रीसचा आहे, शाई नव्हती. — लेखनिक)

ता. क. दाराच्या बटणाचं तुला फोनवर आधीच सांगितलं होतं. मुळ्याचंसुद्धा, आणि तू इतका हसला होतास की तुला ठसका लागला. पत्रात नवं असं फारसं काही नाही. तुझ्या आईचा अंगठा ठणठणीत आहे, आज सकाळी तिने त्याच हाताने बरणीचं झाकण उघडलं. पण फोन असला की जिन्यात जाता येतं. कागद पुढ्यात असला की बसावं लागतं.

ता. क. पाकिटावर तुझं नाव तोच लिहिणार आहे, पूर्ण नाव, नीट. ते मी स्वतः तपासून घेईन. तेवढं मला येतं.

ता. क. वाचून दाखवलं. दोन ठिकाणी गाळलं होतं, ते बसून घालून घेतलं. चादर महिन्यातून दोनदा बदलते, एकदा नाही. — आई

ता. क. वाचन चालू होतं तेवढ्यात मी त्याला बाहेर पाठवला. तुझी आजी पायडल मारत होती. काम चोख केलं त्याने, शिवण दिसतसुद्धा नाही. मला वाटलं होतं त्याहून खूपच चांगलं केलं. अजून आत आलेला नाही. लांब गेलाय थोडा. खेळ थांबवून ठेवला आहे. दार उघडं ठेवलं की हवा जाते हे मला माहीत आहे. उघडंच ठेवलंय.

— बाबा